पुढचा पाय रिकामा ठेव

जळगाव,
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

प्रिय बेटा,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. काल आखाजी होती, ती होऊन जाऊ दे मग लिहू, असं मनात होतं. घरी वडिलांच्या नावाची घागर भरली, वर डांगर ठेवलं, निखाऱ्यावर नैवेद्याची आगारी टाकली. मग आईला विचारून आपल्या कराटेच्या सरांच्या नावाची दुसरी घागर भरली. ना आपल्या गोतातले, ना भाऊबंदातले. आई एवढंच म्हणाली, "भर. त्यायनं बी तुले वाढवलं." घागर भरताना तुझे तीन प्रश्न डोक्यात होते.

सरांचा फोटो हॉलमध्ये कुठे लावायचा? श्रावणात वर्षश्राद्धाला त्यांच्या नावाची स्पर्धा घ्यायची का? आणि पोरांना काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, सरांनी शिकवला तसा शिकवायचा, की स्पर्धेत पंचांना आवडतो तसा?

फोटोचं आधी सांगतो. समोरच्या भिंतीवर आपल्या कराटे-शाळेचे मूळ गुरू केनवा माबुनी यांचा एकच फोटो आहे. 'शोमेन नि रे', म्हणजे समोर वंदन, म्हटलं की आपण त्याच दिशेला वाकतो. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही काही पोरांनी वर्गणी काढून सरांचा फोटो फ्रेम करून आणला होता, तो माबुनींच्या शेजारी लावायला. सरांनी तो कागदात गुंडाळून घरी नेला. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी वॉर्मअप झाल्यावर सगळ्यांना खाली बसवलं आणि आपल्या शाळेला शितो-र्यू का म्हणतात ते सांगितलं. तू तेव्हा जन्मली नव्हतीस आणि अलीकडे सर फार बोलत नसत, म्हणून ते इथे लिहितो. आता ते तुझ्याकडून पोरांपर्यंत जायला हवं.

माबुनी १८८९ साली ओकिनावातल्या शुरी गावी जन्मले. लहानपणी अंगाने अशक्त. तेराव्या वर्षाच्या सुमारास अंको इतोसुंकडे शिकायला गेले. हे इतोसु म्हणजे १९०१ पासून ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे नेणारे, आपण शिकतो ते पिनान नावाचे पाचही काता रचणारे. पुढे माबुनींना त्यांचे मित्र चोजुन मियागी नाहा गावच्या कानर्यो हिगाओन्नांकडे घेऊन गेले. शुरी आणि नाहा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, पण दोन्हीकडची शिकवण निराळी. इतोसुंकडे चपळाई, सरळ रेषेतला वेग. हिगाओन्नांकडे श्वास, जमिनीत रुतलेले पाय, जवळची झुंज. दोन्ही गुरू १९१५ साली गेले. इतोसु गेल्यावर माबुनींनी वर्षभर रोज त्यांच्या समाधीपुढे काता केला, असं शितो-र्यूत सांगतात.

पुढे स्वतःच्या शाळेला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा माबुनी शब्दाचा त्यात मागमूसही ठेवला नाही. इतोसु नावातलं पहिलं अक्षर दुसऱ्या उच्चारात 'शि' होतं, हिगाओन्नामधलं पहिलं अक्षर 'तो' होतं. झालं शितो. पहिल्या अक्षराचा अर्थ सूत, दुसऱ्याचा पूर्व दिशा. सर म्हणायचे, आपण कापसाच्या मुलखातले, आपल्याला सूत समजवावं लागत नाही. एक धागा या हातात, एक त्या हातात, दोन्हींना सारखा पीळ.

मग त्यांनी फ्रेमबद्दल विचारलं, "ज्यानं आपलं नाव पुसलं, त्याच्या बाजूले माझा फोटो लावता का?"

म्हणून समोरच्या भिंतीवर नको. पण फोटो लावूच नये, असंही मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसाचा चेहरा समोर असावा, असं आपल्याला वाटतं, त्यात गैर काही नाही. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ओकिनावाच्या रयो कियुनाने कातामध्ये सुवर्ण जिंकलं. तो आधी मॅटच्या मधोमध बसून वाकला, आणि पदक घ्यायला उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात वारलेल्या आईचा फोटो होता. ते बघताना सरांचे डोळे भरून आले होते. तू शेजारीच होतीस. सर शिकवताना कधी पुढे उभे राहत नसत, मागे दाराजवळ, चपलांच्या ओळीपाशी उभे असत. तिथून सगळ्यांच्या टाचा दिसतात म्हणे. फोटो तिथे लाव. पोरांची पाठ त्याच्याकडे असेल, आणि तो त्यांच्या टाचा बघत राहील.

स्पर्धा यंदा नको. दहा वर्षांनी घ्यावीशी वाटली तर घे. आत्ता घेतलीस तर पंधरा दिवस फ्लेक्सवर कोणाचा फोटो केवढा यातच जातील आणि शेवटी गुणांवरून दोन क्लासेसची भांडणं होतील. सरांच्या नावाने भांडण झालेलं मला बघवणार नाही. त्यापेक्षा त्या दिवशी पहाटे पाचला सगळ्या जुन्या-नव्या पोरांना मैदानावर बोलाव. जे आपल्यातून फुटून वेगळे क्लास काढून बसलेत, त्यांनाही. 'सरांचा खरा शिष्य कोण' हा वाद मोबाईलवरच्या ग्रुपात चाललेला मी वाचतो. तू त्यात एक शब्दही लिहू नकोस. माबुनी १९५२ साली गेले, त्यानंतर त्यांचे दोन मुलगे दोन संघटनांचे प्रमुख झाले आणि थोर शिष्यांनी आपापल्या शाखा काढल्या. त्या सगळ्यांच्या कातामध्ये आजही तेच दोन धागे दिसतात. आपली पोरं वेगळी झाली म्हणून सर कमी होत नाहीत. सगळ्यांना पिनान निदान येतो, तो एकत्र करा. मग चहा-पोहे.

आता तिसरा प्रश्न.

मी एकोणीस वर्षांचा असताना एका मोठ्या स्पर्धेत मला रौप्य मिळालं होतं. त्याआधी दोन महिने मी दुसरीकडे जाऊन काता 'सजवून' घेतला होता. पवित्रे लांब केले, वळताना थांबून मान झटकायला लागलो, श्वासाचा आवाज शेवटच्या रांगेत जाईल इतका मोठा. सरांना सांगितलं नव्हतं. पदक गळ्यात घालूनच हॉलमध्ये आलो. सरांनी ते हातात घेऊन पाहिलं, "छान आहे" म्हणाले आणि मला बाहेर कडुनिंबाखाली नेलं. पिनान शोदान सुरू कर म्हणाले. पहिली हालचाल झाली, मी नेकोआशी पवित्र्यात उभा. "आता पुढचा पाय उचल."

उचलता येईना. वजन पुढच्या पायावर होतं. उचलायला गेलो की आधी सगळं अंग मागे न्यावं लागत होतं. नेकोआशीत वजन मागच्या पायावर, पुढचा नुसता टेकलेला, हे मला नवव्या वर्षापासून माहीत होतं. पंचांना दुरून ते दिसलं नव्हतं. सर म्हणाले, "पुढचा पाय रिकामा नाही तर लाथ कशी मारशील, आन् मागं कसा सरशील? पदक घरी ठेव, पाय इथं शिक." मग तीन महिने दुसरं काही नाही. रोज नेकोआशी, आणि टाचेखालून काड्यापेटी सरकवणं. ती अडली की पुन्हा.

म्हणून माझं उत्तर असं. स्पर्धेसाठी पोरांना तयार करायचं तर कर. मान कशी वळवायची, चौकटीत कुठे उभं राहायचं, हे शिकव. त्यात पाप नाही, सरांनीही नंतर शिकवलं. पण जिथे दिखावा आणि काम यांत भांडण लागेल, तिथे काम जिंकलं पाहिजे. पुढचा पाय उचलता आला पाहिजे. श्वास ओटीपोटातून आला पाहिजे, नुसता घशातून नाही. ज्या दिवशी तू गुणांसाठी हे सोडशील, त्या दिवशी फोटो कितीही मोठा लावलास तरी सर हॉलमध्ये नसतील.

मात्र 'सरांनी शिकवलं तसंच' म्हणताना जपून. कोणत्या वर्षीच्या सरांनी? मी त्यांना चाळीस वर्षं पाहिलं. रेल्वेत फिटर होते. शनिवारी ड्यूटी संपली की पास काढून भुसावळहून मुंबईला जायचे, सुमारे ४४० किलोमीटर. रविवारभर शिकायचे, रात्रीच्या गाडीने परत आणि सोमवारी पुन्हा शेडमध्ये. मुंबईला ज्यांच्याकडे शिकत, ते मारून शिकवत. म्हणून सुरुवातीची काही वर्षं सरांच्याही हातात छडी होती. माझ्या पोटरीवर वळ उठलेले आहेत. एकदा एका पोराला जास्त लागलं, तो परत आलाच नाही. सर दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. त्यानंतर छडी कधी दिसली नाही. तुमच्या पिढीला ही गोष्ट माहीतच नाही आणि काही जुने लोक आता कौतुकाने सांगतात, की "आमच्या वेळी सर असे झोडायचे". ते ऐकून कोणी छडी उचलली, तर ज्या चुकीतून सर बाहेर आले, त्याच चुकीत आपण त्यांना परत ढकलू.

दुसरी गोष्ट तुझ्याशी संबंधित आहे. बरीच वर्षं सर मुलींना कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, खेळू देत नसत. किहोन म्हणजे मूळ हालचाली करा, काता करा, बस. आईबाप काय म्हणतील, ही भीती असावी. मग एका महाशिवरात्रीला आम्ही चांगदेवच्या यात्रेला गेलो होतो, तापी-पूर्णेच्या संगमावर. परत येऊन सरांनी क्लासला चांगदेवांची गोष्ट सांगितली. चौदाशे वर्षं जगलेल्या योग्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं, पण मायना काय लिहावा ते कळेना, म्हणून कोराच कागद पाठवला. मुक्ताईने तो पाहिला आणि एवढी वर्षं जगून कोराच राहिला म्हणाली. आणि त्याच चांगदेवाने पुढे त्या लहानग्या मुलीला गुरू केलं. गोष्ट संपवून सर म्हणाले, "मी चुकत होतो. आजपासून पोरी पण कुमिते खेळतील." सगळ्यांसमोर. त्या दिवशी पोरींनी पहिल्यांदा हातमोजे घातले. आज आज्ञा तू देतेस, ती त्या दिवसामुळे. माबुनींनी मुलींसाठी आओयागी हा काता रचला होता. सरांना तो माहीत होता, शिकवतही होते, पण त्याचा अर्थ त्यांना त्या दिवशी उमगला असं मला वाटतं.

हे सगळं पोरांना सांग. देव करून ठेवलेल्या माणसाकडून कोणी काही शिकत नाही, फक्त पाया पडतं.

आणि आता एक काम, हे टाळू नकोस. सरांच्या वह्या तुझ्याकडे आहेत, त्यांच्या झेरॉक्स काढ. किमान पाच जणांना दे, वेगळे झालेल्यांनाही. १९४५ मध्ये ओकिनावावर युद्ध कोसळलं, तेव्हा तिथल्या कितीतरी गुरूंचं लिहिलेलं जळालं आणि शिकवलेली माणसंही गेली. मियागींचा लाडका शिष्य जिन'आन शिंझातो त्यातच मेला. मियागींनी आयुष्यभराची विद्या ज्याच्यावर सोपवायची ठरवली होती, तोच हातचा गेला. एकाच माणसाकडे सगळं ठेवू नये. तुझ्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. वह्यांत जिथे चित्र अपुरं आहे, तिथे मला विचार, पण इतरांनाही विचार. सेइएन्चिन काताच्या मधल्या वळणावर सरांनी मला एक सांगितलं होतं आणि माझ्यानंतर आठ वर्षांनी आलेल्या पोरांना थोडं वेगळं. दोन्ही लिहून ठेव, समोर वर्ष घाल. आत्ताच खरं-खोटं ठरवू नकोस.

बचावाची पाच तत्त्वं मात्र सरांच्याच शब्दांत लिही. पुस्तकी भाषेत नको. त्यांतल्या एकाला माबुनी 'राक्का' म्हणायचे, म्हणजे गळणारं फूल. झाडाच्या बुंध्यावर मारला तर सगळी फुलं झडतील, इतका ठाम अडवा, म्हणजे वार रोखणारा हात. चैत्रात आपल्या अंगणातला निंब फुलला की सर पोरांना बाहेर काढायचे, बुंध्यावर हाताच्या कडेने अडवा मारून दाखवायचे आणि खरंच पांढरी बारीक फुलं पोरांच्या डोक्यावर पडायची. यंदाचा चैत्र तर गेला. तू मारून पाहिलास का? नसशील, तर निंबोळ्या पिकायच्या आत एकदा मार. पोरांना तेवढंही चालेल.

उन्हाळी शिबिराची वेळ सातची ठेवलीस, असं कळलं. मे महिन्यात भुसावळला सातला मैदानाचा तवा झालेला असतो, पाचची कर. सातच्या आत पोरं घरी गेली पाहिजेत. पाण्याचा माठ कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेव, हॉलच्या पत्र्याखाली नको.

मी रविवारच्या पहिल्या गाडीने येतो. स्टेशनवर कोणाला पाठवू नकोस, चालत येईन. हॉलची किल्ली अजून पानवाल्याकडेच असते ना? आल्यावर आधी तुझा पिनान शोदान बघेन. काड्यापेटी आणतो.

तुझा
दादा