स्त्री अभ्यासात एम.ए. करू का? "बाईपण काय शिकायचं असतं का" या प्रश्नासह

तुझा प्रश्न काल रात्री वाचला. बी.कॉम. झालंय, साताऱ्यात राहतेस आणि स्त्री अभ्यासात एम.ए. करायचं मनात आहे. घरचे म्हणतात, बाईपण काय कॉलेजात शिकायचं असतं का? नोकरी कुठली लागणार? आणि ज्या कोर्सला 'लैंगिकता' असा पेपर आहे तिथे मुलगी पाठवली हे नातेवाइकांना सांगायचं कसं? इंग्रजी कच्चं असल्याची तुझी काळजी वेगळीच. मी पंधरा वर्षांपूर्वी हा विषय शिकले आणि तेव्हापासून याच क्षेत्रात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी "शिकायचं काय" याबद्दल. पहिल्या सत्रात आम्हाला सांगितलं होतं, घरातल्या एका बाईचा एक पूर्ण दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून आणा. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले आणि वही घेऊन आईच्या मागे फिरले. ती हसायची, "मी कुठे काय करते, घरीच तर असते." पहाटे पावणेपाचला नळाला पाणी आलं तिथपासून नोंदी सुरू झाल्या. दुपारी दोन ते अडीच या रकान्यात मी लिहिलं, 'विश्रांती'. वर्गात मॅडमनी तेवढ्यावर बोट ठेवून विचारलं, "तेव्हा त्यांचे हात काय करत होते?" आई टीव्हीसमोर बसली होती आणि शेंगा फोडत होती. अख्खं सूप भरलं होतं. मी ते पाहिलं होतं आणि तरी विश्रांती लिहिलं होतं. विषय मला त्या दिवशी कळला.

पुढे याच धाग्याने खूप मोठ्या गोष्टींपर्यंत जाता येतं. जनगणना नुसतं घरकाम करणाऱ्या बाईला काम न करणाऱ्यांत का मोजते? सरकारने 1998-99 मध्ये सहा राज्यांत लोकांचा वेळ कुठे जातो याची चाचणी पाहणी केली आणि देशभरातली पहिली पूर्ण पाहणी 2019 मध्ये झाली. घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बायकांचा दिवसाला 299 मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा 97, असं त्यात निघालं. हे पुरुषही फक्त घरकाम करणारेच मोजलेले, न करणारे त्या सरासरीत धरलेलेच नाहीत. असे आकडे कोण गोळा करतं, कशाला काम म्हणायचं हे कोण ठरवतं, हे शिकायला दोन वर्षं लागतात. घरी बसून बाईपण निभावून ते येत नाही, हे वडिलांना शांतपणे सांग.

इंग्रजीबद्दल. वाचन बरंच इंग्रजीत असतं आणि पहिले चार महिने जड जातात, हे लपवत नाही. मी शब्दकोश घेऊन रात्री दोन-दोन पानं वाचायचे. पण या विषयात मराठी येणारी मुलगी मागे पडत नाही. 1855 मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या मांग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आपल्या जातीतल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर धड छप्परही नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, हे त्या शाळकरी मुलीने लिहिलंय. बाई म्हणजे नेमकी कुठली बाई, हा प्रश्न त्यातच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तकही मराठीतच, 1882 चं. आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातीवरचा निबंधही इथे अभ्यासावा लागतो, कारण सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह हे जातीबाहेर लग्न होऊ नये म्हणून उभे राहिले, हे त्यांनी त्यात मांडलंय. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात प्राध्यापक शर्मिला रेगे यांनी जात आणि लिंगभाव (बाई-पुरुष म्हणून समाजाने घातलेली चौकट) एकत्र शिकवण्याचा पायंडा पाडला आणि गावाकडून, मराठीतून आलेल्या मुलामुलींना वर्गात जागा करून दिली. 2013 मध्ये त्या गेल्या, पण त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक आज ठिकठिकाणी शिकवताहेत.

आता लैंगिकतेचा पेपर. आमच्या वर्गात एकदा पाळीला घरी काय म्हणतात ते फळ्यावर लिहायला सांगितलं. कावळा शिवला, अडचण, बाहेरची, बाजूला बसली, डेट. फळा भरला. मग मॅडम म्हणाल्या, आता बाईला शरीराचं सुख वाटतं त्यासाठी घरात वापरता येईल असा एक शब्द लिहा. कुणी उठलं नाही. त्या रिकाम्या जागेवर मग पुढचे तीन तास चर्चा झाली. समलिंगी आणि ट्रान्स माणसांचे हक्क, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमावरचा 2018 चा निकाल, संमती म्हणजे काय, हे सगळं या पेपरात येतं. नातेवाइकांना हे परदेशी खूळ वाटत असेल तर र. धों. कर्व्यांची आठवण करून दे. त्यांच्या वडिलांनी, महर्षी कर्व्यांनी, 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं आणि हा मुलगा 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत कामजीवनावर मराठीत लिहीत राहिला. त्याच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि 1934 मध्ये त्याच्या बाजूने कोर्टात आंबेडकर उभे राहिले. महर्षी कर्व्यांच्या त्याच महिला विद्यापीठात, म्हणजे एसएनडीटीत, 1974 मध्ये देशातलं पहिलं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र नीरा देसाईंच्या पुढाकाराने सुरू झालं.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवत नाही. सुरुवातीचा पगार कमी असतो. संस्थांची कामं प्रकल्पावर चालतात, प्रकल्प संपला की नवीन शोधावं लागतं. प्राध्यापकीसाठीच्या नेट या पात्रता परीक्षेला हा स्वतंत्र विषय आहे, पण कायमची पदं फार थोडी आणि बऱ्याच केंद्रांवर अनुदानाची टांगती तलवार असते. मी स्वतः तीन वर्षं कंत्राटावर शिकवलं आणि एका संस्थेने पाच महिने मानधन थकवलं होतं, ते दिवस वाईट गेले. तरी काम आहे. 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते आणि तिच्यात एक सदस्य त्या संस्थेबाहेरचा लागतो. मी आज अशा समित्यांवर आहे, प्रशिक्षणं घेते. तुझं बी.कॉम. तर जमेची बाजू आहे. बचत गट, बजेटमधला बायकांचा वाटा, मालमत्तेवर नाव कुणाचं, या प्रश्नांवर हिशोब कळणारी माणसं फार कमी आहेत.

एक मात्र मनाशी धरून ये. या अभ्यासात आपलं घर वर्गात येतं. दुसऱ्या वर्षी मला घरी जेवायला बसणंही जड व्हायचं, सगळ्यात शेवटी कोण जेवतं तेच दिसत राहायचं. वडिलांशी कडाक्याची भांडणं झाली, त्यातली निम्मी मी उगाच केली. तेव्हा वर्गातल्या मैत्रिणी होत्या म्हणून निभावलं.

पुणे विद्यापीठ आणि मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, दोन्हीकडचे अर्ज भर. पदवी साधारण कुठल्याही शाखेची चालते. प्रवेशाची पद्धत बदलत असते, ती या वर्षीची बघून घे. आणि साताऱ्याहून रोज पुण्याला ये-जा करायचा बेत असेल तर तो सोड. हॉस्टेलसाठी आत्ताच चौकशी कर, कारण वाचन सगळं संध्याकाळी ग्रंथालयात होतं आणि शेवटची एसटी तुला मध्येच उठवेल.