वाटी घेऊन त्यालाच पाठवा

प्रश्न : ताई, वरळीच्या बीडीडी चाळीतून आम्ही टॉवरमध्ये आलो. १६० चौरस फुटांतून थेट ५००. पण चौदा वर्षांचा मुलगा खोलीचं दार लावून बसतो. चाळीतच बरे होतो का?

उत्तर : मी नायगावच्या बीडीडीतली. मजल्यावर वीस खोल्या, मधे पॅसेज, सकाळी संडासाला रांग. वडील रात्रपाळी करून झोपलेले असत, म्हणून दहावीचा अभ्यास पॅसेजमधल्या दिव्याखाली. १९८२च्या संपात त्यांची गिरणी बंद पडली. समोरच्या काकू रोज भाजीची वाटी आणायच्या, “जास्त झाली गं” म्हणत. रोज कशी जास्त होईल, हे मला फार उशिरा उमगलं.

पण म्हणून गोडवे नकोत. सहामाहीत गणितात उडाले, ती बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. बसस्टॉपवर एका मुलाशी पाच मिनिटं बोलले, तर संध्याकाळपर्यंत तिघीजणी आईच्या कानाला लागल्या! कडी लावून रडायलाही जागा नव्हती.

तुमच्या मुलाला ती कडी आत्ता कुठे मिळालीय. थोडे दिवस लावू द्या. चाळीतले त्याचे दोस्त आता कितव्या मजल्यावर आहेत, तेवढं शोधून ठेवा. गणपतीच्या मंडळात त्याच्या अंगावर एखादं काम टाका, वर्गणीचं नको, लायटिंगचं. आणि रविवारी काही केलंत तर वाटी घेऊन शेजारी त्यालाच पाठवा. वाटी लगेच परत मागू नका.