वीर चक्राची फ्रेम करताना

प्रश्न : माझे चुलत आजोबा हवाई दलात वैमानिक होते. १९७१च्या युद्धात ते धारातीर्थी पडले. त्यांचे वीर चक्र, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक डब्यात काळवंडले आहेत. १६ डिसेंबरला गावच्या शाळेत मांडायचे आहेत. चिंचेने घासून फ्रेम केली तर चालेल का? फलकावर काय लिहावे?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : चिंच, राख, भांड्यांची पावडर, काहीही लावू नका. वीर चक्र चांदीचे, मधल्या राजमुद्रेवर सोन्याचा मुलामा. घासले की मुलामा जातो, काठावर कोरलेले नावही झिजते. ते नाव म्हणजे पदक त्यांचेच असल्याचा पुरावा! वरचा काळा थर राहू द्या, त्याने नुकसान होत नाही. मऊ, कोरड्या सुती कापडाने फक्त धूळ टिपा आणि काठाचे जवळून फोटो काढून ठेवा. पदके लोकर, रबर किंवा वर्तमानपत्रात गुंडाळू नका. त्यांतल्या गंधकामुळे चांदी आणखी काळी पडते.

फ्रेमवाल्याजवळ उभे राहूनच काम करून घ्या. समोरून पाहताना डावीकडे वीर चक्र, मग पश्चिमी स्टार, शेवटी संग्राम पदक. वीर चक्राची फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. केशरी बाजू पदक लावणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला यायला हवी. इथे हमखास उलटे होते. गरम गोंद नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो सुटतो आणि फितीत मुरतो. फीत सुती दोऱ्याने पाठीमागच्या कापडाला टाचा, काच पदकाला टेकू देऊ नका. विरलेली फीत बदलली तरी जुनी जपून ठेवा. उन्हाच्या भिंतीवर फ्रेम लावली तर रंग उडतील.

फलकावर हुद्दा, नाव, वीर चक्र (मरणोत्तर), स्क्वाड्रन आणि ते कामी आले ती तारीख लिहा. १६ डिसेंबर हा विजय दिवस, ती त्यांची तारीख असेलच असे नाही. मजकूर भारताच्या राजपत्रातल्या मानपत्राशी ताडून घ्या. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नाव शोधा. अडले तर जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. 'शौर्य चक्र' लिहू नका, तो शत्रूसमोरच्या लढाईचा सन्मान नव्हे. प्रेमापोटी 'परमवीर'ही नको. हवाई दलात तो मान एकट्या फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांना, १४ डिसेंबर १९७१च्या श्रीनगरवरील लढतीसाठी, मरणोत्तर मिळाला. तुमच्या आजोबांचे वीर चक्र आहे तसेच लिहा, ते पुरेसे मोठे आहे.

शाळेत कायमचे फोटो लावा, मूळ पदके कार्यक्रम संपताच घरी न्या.