पेशींना आयएल-6 (पेशींना संदेश देणारं प्रथिन) दिलं काय, न दिलं काय, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) फॉस्फो-स्टॅट3चा, म्हणजे फॉस्फेट चढून चालू झालेल्या स्टॅट3 प्रथिनाचा, बँड सारखाच येतो. अँटिबॉडी बदलू का?

इतक्यात नको. तुम्ही डीयू145 पेशी वापरताय, आणि माझ्या मते उत्तर तिथेच आहे. प्रोस्टेट कर्करोगाच्या या पेशी आयएल-6 स्वतःच तयार करतात. ते त्यांच्याच रिसेप्टरला लागतं, जीपी130 हे जोडीदार प्रथिन सोबत येतं, जॅक किनेज (फॉस्फेट चढवणारी एन्झाइम) जागे होतात आणि स्टॅट3च्या 705व्या टायरोसिनवर फॉस्फेट चढतं. म्हणजे तुम्ही बाहेरून थेंबभर घालण्याआधीच मार्ग चालू असतो. त्यात माध्यमात सीरम असेल तर आणखी भर.

अँटिबॉडी खरी की खोटी हे ठरवायला पेशींना आधी तासभर रुक्सोलिटिनिब (जॅकला रोखणारं औषध) द्या. फॉस्फोचा बँड विरला आणि एकूण स्टॅट3चा तसाच राहिला, तर अँटिबॉडी चोख आहे. सोबत हेपजी2 (यकृताच्या कर्करोगाच्या) पेशी रात्रभर सीरमविना ठेवून 15 ते 30 मिनिटं आयएल-6 द्या. तिथे फरक ठळक दिसायला हवा. फार वेळ थांबू नका. एसओसीएस3 हे मार्गाला लगाम घालणारं प्रथिन तयार होऊन मार्ग दाबू लागतो आणि बँड उतरतो.

ब्लॉकिंगला (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून ब्लॉट झाकायला) दूध वापरत असाल तर बीएसएवर (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) या. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट असलेलं प्रथिन आहे, फॉस्फोची अँटिबॉडी त्यालाही चिकटू शकते. पीएचडीत माझा जवळजवळ महिना या एका गोष्टीपायी गेला, म्हणून आवर्जून सांगतो. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) ऑर्थोव्हॅनाडेट ताजं घाला, ते फॉस्फेट निघून जाऊ देत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची, म्हणजे आयएल-6च्या रिसेप्टरसाठी कोणती अँटिबॉडी घ्यावी याची, मला जास्त काळजी वाटते. एरिथ्रोपोएटिनच्या (तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक) रिसेप्टरचं काय झालं ते बघा. कर्करोगाच्या गाठींमध्ये हा रिसेप्टर आहे असं दाखवायला सी-20 नावाची अँटिबॉडी सर्रास वापरली जायची. रिसेप्टर साधारण 59 किलोडाल्टनचा, बँड मात्र 66ला. 2006मध्ये दाखवलं गेलं की ती एचएसपी70 हे भलतंच प्रथिन पकडते. रक्तक्षय झालेल्या कर्करुग्णांना एरिथ्रोपोएटिन देणं सुरक्षित आहे का, हा वाद तेव्हा ऐन भरात होता, आणि त्यात या अँटिबॉडीने रंगवलेले गाठींचे नमुने पुरावा म्हणून मांडले जात होते. चुकीच्या बँडची झळ अशी रुग्णापर्यंत पोहोचू शकते.

आयएल-6 रिसेप्टरच्या बाबतीत वजनावरून ओळखणं आणखी अवघड, कारण अमिनो आम्लांच्या साखळीवरून हिशोब केला तर वजन 50 किलोडाल्टनच्या आसपास भरतं, पण साखरेच्या साखळ्या चिकटल्यामुळे ब्लॉटवर 80ला दिसतं. त्यामुळे जनुक काढून टाकलेल्या पेशी शेजारच्या लेनमध्ये हव्यातच. नसतील तर निदान एसआयआरएनएने ते जनुक दाबलेल्या पेशी. पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर किती आहे हेच बघायचं असेल तर ब्लॉट सोडा आणि फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीवरची अँटिबॉडीची चमक मोजणं) करा. मात्र तिथे बाहेरच्या भागाला, घडी न मोडलेल्या स्वरूपात ओळखणारी अँटिबॉडी लागते. ब्लॉटवर चालणारी तिथे चालेलच असं नाही.

पुढचा ब्लॉट कराल तेव्हा आधी फॉस्फो, मग स्ट्रिप करून (आधीची अँटिबॉडी धुऊन काढून) एकूण स्टॅट3.