चाळीस मुलं आणि राजगड

प्रश्न : आठवीच्या 40 मुलांना राजगडावर न्यायचंय. गुंजवण्याहून चोर दरवाज्याने चढावं का? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, गडाच्या पाली दरवाज्याच्या वाटेने न्या, पायऱ्या आहेत. चोर दरवाज्याखालचा कातळ रेलिंग धरून चढावा लागतो. एक पोर घाबरलं की मागची अख्खी रांग खोळंबते.

10 मुलांमागे एक मोठं माणूस, शिवाय सगळ्यांच्या शेवटी एक धीराचा गडी हवाच. एकदा मी तो नेमायला विसरलो. बुटाची नाडी बांधायला थांबलेला पोरगा अर्धा तास सापडेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून दर थांब्यावर मुलंच आपापला आकडा ओरडतात. हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. आणि पद्मावती माचीवर पोचल्या पोचल्या इतिहास सुरू करू नका. आधी डबे उघडू द्या!