स्टँडवर झोपणाऱ्या मामांना ब्लँकेट सोडून काय मदत करता येईल?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडवर, रात्री एक वयस्कर मामा दिसतात, ब्लँकेट दिलं तर दुसऱ्या दिवशी ते गायब, आणि बेघरांच्या निवाऱ्यात चला म्हटलं तर सरळ नको म्हणाले. ब्लँकेटचं वाईट वाटून घेऊ नका. ज्याला दारच नाही त्याची वस्तू रात्री कोणतरी ओढून नेतं, नाहीतर सकाळच्या झाडलोटीत जाते.

आम्ही पाचजण गेली 6 वर्षं दर गुरुवारी रात्री दहानंतर स्टँड, रेल्वे स्टेशन, बिंदू चौक असं फिरतो. एक गोष्ट पक्की कळलीय, "नको" म्हणणाऱ्या माणसाकडं कारण असतंय. नवराबायको असतील तर वेगळं झोपावं लागेल, सामान कुठं ठेवायचं, पहाटे मार्केट यार्डात हमालीला जायचं तर दार उघडतील का. आणि भीती. 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, त्यात उचलून नेलेला एखादा माणूस भेटला असला की बाकीचे गाडी बघूनच पळतात.

एका मामांचं सांगतो. गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालायचे, पायाला भाजलं, हंगाम संपला आणि इथं आले. पहिले तीन महिने आम्ही फक्त "जेवलासा काय मामा?" विचारायचो आणि जरा वेळ बसायचो. मग एक दिवस त्यांनीच पायाची पट्टी सोडून दाखवली. जखम चिघळलेली. एका दवाखान्यात नेलं तर केसपेपरला पत्ता विचारला, नाही म्हटल्यावर दोन तास बाजूला उभं केलं, मामा म्हणाले चला जाऊया परत, एकटे असते तर गेलेच असते. मला त्या दिवशी फार राग आला होता, अजून येतो. तपासल्यावर शुगर निघाली, म्हणजे ड्रेसिंग एक दिवसाआड, गोळ्या रोज, आणि गोळी घ्यायची तर पोटात वेळेवर अन्न पाहिजे. एवढ्या सगळ्याला एक ब्लँकेट कसं पुरणार?

कागदांचंही तसंच, एकाला दुसरा अडकलेला. टीबीचं औषध फुकट मिळतं, पोषणाचे महिना 1000 रुपयेही मिळतात, पण ते बँक खात्यात येतात आणि खात्याला आधार लागतं. आधार हरवलं असेल तर नवीन काढायला धावू नका, सेंटरवर ठसे देऊन जुनं शोधता येतं, फक्त हमालीनं बोटं झिजलेली असली तर चारचार फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला कोणीतरी सोबत लागतं. खरं काम तेच आहे, सोबत रांगेत उभं राहणं.

तुमचे मामा असंबद्ध बोलत असतील, स्वतःची काळजी घेता येत नसेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 100 लक्षात ठेवा. अशा माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं आणि घरच्यांचा शोध घेणं हेही त्यांचंच काम. शांतपणे कलमाचा नंबर सांगितला की फरक पडतो, अनुभव आहे. साठीच्या पुढचे असतील तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन.

आणि निवाऱ्याची मागणी सोडू नका. 2024 पर्यंत चाललेल्या केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाचा नियम होता लाख लोकसंख्येमागं 100 जणांच्या निवाऱ्याचा, तोही वर्षभर 24 तास उघडा. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर साधारण साडेपाच लाखांचं होतं, म्हणजे किमान पाच झाले. आपल्या नगरसेवकाला हा हिशेब विचारा. शाहू महाराजांनी जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली ते हे गाव, इथं माणूस स्टँडवर झोपतोय हे मला सहन होत नाही.

गुरुवारी साडेदहाला आम्ही स्टँडवर असतो, तुम्हीपण या. फोटो तेवढा काढू नका. आणि तोवर मामांचं नाव आणि चपलेचं माप विचारून ठेवा, ब्लँकेटऐवजी चप्पल घेऊन येऊ.