उचलबांगडी, गच्छंती आणि ओल्ड ट्रॅफर्डचे माजी

प्रश्न असा आहे: ‘मँचेस्टर युनायटेडच्या माजी मॅनेजरांची उचलबांगडी योग्यच होती, असे चाहत्यांना वाटते’ हे वाक्य बरोबर आहे का? उचलबांगडी, हकालपट्टी, गच्छंती हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि मॅनेजरला ‘व्यवस्थापक’ म्हणावे का?

चालत नाहीत. आणि क्रीडापानांवर उचलबांगडीचा जो सुळसुळाट झाला आहे, त्याचा समाचार आधी घेतो.

पंतोजींच्या शाळेला दांडी मारणाऱ्या पोराला आणायला चार दांडगी पोरे धाडली जात. दोघे हात धरत, दोघे पाय, आणि पोराला अधांतरी उचलून शाळेत आणून टाकत. ही उचलबांगडी. यात पोराला घालवून द्यायचे नसते, त्याच्या मनाविरुद्ध दुसऱ्या जागी नेऊन ठेवायचे असते. उचलण्याची जागा आणि ठेवण्याची जागा, दोन्ही हव्यात. पुण्यातल्या अधिकाऱ्याची रातोरात गडचिरोलीला बदली झाली की वर्तमानपत्रे उचलबांगडी म्हणतात ते म्हणूनच बरोबर असते. शब्द वापरण्यापूर्वी एवढेच विचारायचे: उचलून ठेवला कुठे? उत्तर मिळाले नाही तर शब्द खोडा.

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबाच्या इतिहासात या परीक्षेला खरा उतरणारा माणूस म्हणजे विल्फ मॅकगिनेस. १९६९ मध्ये जुना मॅनेजर मॅट बझ्बीने संघाची सूत्रे सोडली आणि ती ३१ वर्षांच्या मॅकगिनेसकडे आली. दीड वर्षात तीन वेळा उपांत्य फेरी गाठली, तिन्ही वेळा हरला. डिसेंबर १९७० मध्ये त्याला पहिल्या संघावरून उचलले आणि राखीव संघावर नेऊन ठेवले. बझ्बी परत येऊन बसला. चारही हातपाय धरलेली, निर्भेळ उचलबांगडी. जुने चाहते आजही मॅकगिनेसबद्दल रागाने बोलत नाहीत, हळहळतात. क्लबातच वाढलेला, पाय मोडल्यामुळे ज्याचे खेळणे ऐन उमेदीत थांबले असा मुलगा, आणि त्याला कालपर्यंत बरोबर खेळलेल्या दादा मंडळींवर हुकूम चालवायला सांगितले, वर बझ्बी त्याच इमारतीत. शब्द बरोबर वापरला तर ही हळहळ शब्दातच येते. २०१४ मध्ये काढलेल्या मॅनेजर डेव्हिड मॉईजला हा शब्द लावून काय मिळते? त्याला उचलून कुठेही ठेवले नव्हते. घरी पाठवले.

यावर नेहमीचे उत्तर येते की भाषा प्रवाही असते, उचलबांगडी म्हणजे काढून टाकणे हा अर्थ आता रूढ झाला आहे, कोशातही तसे देतात. देत असतील. असे सांगणाऱ्यांनी बदली आणि बडतर्फी एकच मानून एकदा कोषागारात पगारबिल पाठवून बघावे. भाषा कुठे वाहिली ते कळते.

बडतर्फ. हाही असाच उधळला जाणारा शब्द. फारसी ‘बर-तरफ’, म्हणजे बाजूला सारलेला. बडबडीशी किंवा बड्या लोकांशी त्याचा संबंध नाही. पण आपल्या सरकारी मराठीत त्याला नेमकी धार आली आहे. सेवेतून काढून टाकणे ही एक शिक्षा आणि बडतर्फी ही त्याहून मोठी, कारण बडतर्फ माणसाला पुढे सरकारी नोकरीचे दार सहसा बंद. म्हणजे गैरवर्तनाचा ठपका हवा. नुसते सामने हरून कोणी बडतर्फ होत नाही, हरणे हा शिस्तभंग नव्हे. युनायटेडपुरते हे विशेषण मी मॅनेजर टॉमी डॉकर्टीसाठी राखून ठेवीन. मे १९७७ मध्ये त्याने लिव्हरपूलला २-१ हरवून एफए कप आणला आणि जुलैत क्लबच्या फिजिओच्या पत्नीशी असलेल्या संबंधांवरून त्याला काढले. गंमत म्हणजे याच डॉकर्टीच्या काळात, १९७४ मध्ये, संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. तेव्हा नोकरी टिकली, कप आणल्यावर गेली. चाहत्यांनी मात्र ना ती घसरण त्याच्या खात्यावर फारशी मांडली ना ते प्रकरण. मैदानाच्या दोन्ही कडांनी धावणारा, धडक मारणारा संघ त्यांच्या लक्षात राहिला. त्याच्या जागी आलेल्या डेव्ह सेक्स्टनने १९८० मध्ये लीगमध्ये लिव्हरपूलपेक्षा फक्त दोन गुण कमी मिळवून दुसरा क्रमांक आणला, आणि १९८१ मध्ये शेवटचे सातही सामने जिंकून तो गेला. ती हकालपट्टीच. शब्द सरळ आहे, ‘हाकलणे’वरून आलेला, त्यात ठपका नाही, सौजन्यही नाही. सेक्स्टनचा खेळ लोकांना कंटाळवाणा वाटे, एवढाच त्याचा गुन्हा.

सौजन्य हवे असेल तर ‘नारळ देणे’. निरोपाला श्रीफळ हातावर ठेवायची रीत, त्यावरून. दोन्ही बाजूंनी संमतीने वेगळे होत असल्याचे पत्रक निघते ना, तो नारळ. लुई व्हान गालला २१ मे २०१६ रोजी एफए कप जिंकल्यावर दोनच दिवसांत काढले, तिथे कोणी नारळ लिहिले तर मी हरकत घेईन; कप त्याच्याच हातात होता, नारळ कुणी ठेवलाच नाही. आणि जोझे मोरिन्योला, लिव्हरपूलकडून ३-१ हरल्यावर दोन दिवसांनी, १८ डिसेंबर २०१८ रोजी मिळाला तो अर्धचंद्र. संस्कृतात अर्धचंद्र म्हणजे मानगूट धरण्यासाठी अंगठा आणि बोटे ताणून केलेला हाताचा आकार. आकाशातल्या चंद्राशी जोडून ‘अर्धी कृपा’ वगैरे काव्य करणाऱ्यांनी एकदा आपलाच पंजा उघडून पाहावा.

आता ज्याच्यासाठी एवढे लिहायला बसलो तो शब्द. गच्छंती.

‘गच्छन्ति’ हे संस्कृत क्रियापदाचे रूप आहे हे शाळेत संस्कृत घेतलेल्या सर्वांना माहीत असते. ते बहुवचन आहे याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. गच्छति म्हणजे तो जातो, गच्छतः म्हणजे ते दोघे जातात, गच्छन्ति म्हणजे ते सगळे जातात. एका माणसाची नोकरी गेली तर मराठीने बहुवचन का उचलावे? एक स्पष्टीकरण देतात की हे आदरार्थी बहुवचन आहे. ज्याला हाकलायचे त्याला आदरार्थी बहुवचन! असा आदर मराठीत अजून तरी कोणी दाखवलेला नाही. दुसरे स्पष्टीकरण, की हा शब्द अशुद्ध आहे आणि ‘गमन’ लिहावे. मग ‘भवति न भवति’चे काय करायचे? सभेत बरीच भवति न भवति झाली, असे आपण बिनदिक्कत म्हणतो. तेही अख्खे संस्कृत क्रियापद आणि मराठीत स्त्रीलिंगी नाम. पाठशाळेतल्या घोकंपट्टीतून असे तुकडे मराठीत पडले आणि रुजले.

माझी उपपत्ती अशी. रूपे घोकताना ओळ संपते ती ‘गच्छन्ति’वर. ओळीचा शेवट म्हणजे प्रकरणाचा शेवट, म्हणून विद्यार्थ्यांच्या थट्टेत जाण्याला गच्छंती म्हणणे सुरू झाले असणार. पण तो शब्द टिकला, कारण बहुवचन खरे ठरते. मोठ्या जागेवरचा माणूस एकटा जात नाही. दिवाण गेला की कारकून जातात, आणि फुटबॉलमध्ये हे आजही डोळ्यांनी दिसते. २०१३ मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मॅनेजरपदावरून निवृत्त झाला आणि त्याच्यामागून त्याचे सहायक माईक फेलन, रेने मोइलेनस्टीन, गोलरक्षकांचा प्रशिक्षक एरिक स्टील, सगळे बाहेर. त्याच्या जागी आलेल्या मॉईजने आपल्या जुन्या एव्हर्टन क्लबातून स्टीव्ह राऊंड, जिमी लम्सडेन आणि ख्रिस वूड्स हे सहायक आणले. सहा वर्षांचा करार, दहा महिन्यांत, २२ एप्रिल २०१४ रोजी खलास. पाठोपाठ त्याची माणसेही मार्गाला लागली. हीच गच्छन्ति. मॉईजबद्दल चाहत्यांची सर्वांत ठाम तक्रार विचारा, ती हीच निघते: जिंकायची सवय असलेला जुना ताफा एका उन्हाळ्यात मोडला. म्हणजे चाहते ज्या गोष्टीवर बोट ठेवतात ती मराठी शब्दाच्या प्रत्ययात आधीच बसलेली आहे.

एरिक टेन हागची गच्छंती हप्त्याहप्त्याने झाली. तो २८ ऑक्टोबर २०२४ रोजी गेला, त्याचा सहायक रुड व्हान निस्टलरॉय चार सामने संघ सांभाळून नोव्हेंबरात गेला, त्याच्याबरोबर उरलेले डच सहायक. एकवचनही सापडते: नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉटफर्डकडून ४-१ हरल्यावर ओले गुन्नार सोल्शायर गेला, पण बाकी मंडळी तिथेच राहिली आणि पुढचे तीन सामने मायकल कॅरिकने काढले. तेव्हा सोल्शायरच्या बाबतीत व्याकरणदृष्ट्या ‘गच्छती झाली’ म्हणायला हवे. द्विवचनासाठी मात्र मँचेस्टर सोडून डर्बीला जावे लागेल. ऑक्टोबर १९७३ मध्ये ब्रायन क्लफ आणि पीटर टेलर या जोडगोळीने डर्बी काउंटीतून एकत्र राजीनामे दिले, आणि त्यांना परत आणा म्हणून चाहत्यांनी आंदोलन केले. गच्छतः! संस्कृतातल्या द्विवचनाला इतका चोख प्रसंग क्वचितच मिळतो.

लिहायची ती ‘गच्छंती’ दीर्घच. तत्सम शब्दाचा अंत्य इकार मराठीत दीर्घ होतो, हा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांतला भाग आहे; त्यावर पुन्हा भवति न भवति नको.

राजीनाम्याचे नाव निघालेच आहे तर तेही. हरणाऱ्या संघाचे चाहते ‘मॅनेजरने राजीनामा द्यावा’ म्हणून ओरडतात आणि मॅनेजर देत नाही, यात निर्लज्जपणा शोधू नका. राजीनामा दिला की उरलेल्या कराराच्या पैशांवर पाणी सोडावे लागते. क्लबने काढले तर भरपाई मिळते. म्हणून दोघेही समोरच्याने आधी हलावे याची वाट पाहतात. शब्द आहे राजी-नामा, म्हणजे संमतीपत्र. हिंदी-उर्दूत अजूनही त्याचा अर्थ समेट. आपल्याकडे तो सोडचिठ्ठीचा कागद झाला तो जमीन महसुलातून. एकाने जमीन सोडल्याचा राजीनामा द्यायचा, दुसऱ्याने घेतल्याची कबुलायत. त्यामुळे ‘राजीनामा घेतला’ हे वाक्य तपासून लिहा. राजीखुशी दिलेला कागद असतो तो.

‘हंगामी’ हा शब्द मात्र फुटबॉलवाले नकळत फार सुंदर वापरतात. फारसी हंगाम म्हणजे वेळ, ऋतू. हंगामाही त्याच घरचा. राल्फ रांगनिकला नोव्हेंबर २०२१ मध्ये नेमले ते त्या हंगामाच्या अखेरपर्यंत, म्हणून तो दोन्ही अर्थांनी हंगामी. ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे युनायटेडच्या मैदानावरच्या, चाहत्यांना विचाराल तर तिसराही अर्थ सांगतील, कारण क्लबाला मलमपट्टी नव्हे, हृदयाची शस्त्रक्रिया हवी, असे तो उघड बोलला आणि तेवढ्याच एका बाबतीत लोक त्याला आजही मानतात. सोल्शायर हंगामी म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये आला आणि मार्च २०१९ मध्ये कायम झाला. चाहते त्याला ‘माजी मॅनेजर’ सहसा म्हणतच नाहीत, ‘ओले’ म्हणतात. १९९९ मध्ये बार्सिलोनात भरपाईच्या वेळेत ज्याने युरोपचा कप आणून दिला, त्याच्या नावामागे हकालपट्टी लिहायला कुणाचा हात उचलत नाही.

माजी हे अरबी ‘माझी’, म्हणजे गेलेला काळ. भूतपूर्व आणि माजी यांत अर्थाचा फरक नाही. भूतपूर्व फक्त लांब आहे. चूक होते ती वेगळीच. ‘२००३ मध्ये माजी मॅनेजर फर्ग्युसनने रोनाल्डोला आणले’ असे सर्रास लिहितात. २००३ मध्ये फर्ग्युसन माजी नव्हता, तिथे ‘तत्कालीन’ हवे. आज त्याचे मत छापायचे असेल तर ‘माजी’. आणि कृपा करून ‘फर्ग्युसनची गच्छंती’ लिहू नका. नोव्हेंबर १९८६ मध्ये आलेला माणूस १३ लीग विजेतेपदे आणि एकूण ३८ करंडक मिळवून, स्वतः ठरवून, १५०० वा सामना वेस्ट ब्रॉमशी ५-५ असा बरोबरीत सोडून निवृत्त झाला. गच्छंती व्हायचीच होती तर ती डिसेंबर १९८९ मध्ये, तीन वर्षे सबबी ऐकून कंटाळलेल्या चाहत्याने गॅलरीत फलक धरला तेव्हा. २०१३ च्या त्या निरोपाला जुन्या अर्थाने बोळवण म्हणा. पाहुण्याला किंवा सासरी निघालेल्या लेकीला मानाने पोचवणे ती बोळवण. हल्ली मात्र पाच-दहा रुपये हातावर टेकवून कटवणे एवढाच अर्थ उरल्यामुळे तीही लिहायची चोरी.

व्यवस्थापकाचे राहिलेच. म्हणू नये. आपल्या संघांचा व्यवस्थापक तिकिटे, हॉटेल आणि किटबॅगा बघतो. इंग्लंडातला मॅनेजर संघ निवडतो, डावपेच ठरवतो, आणि फर्ग्युसनच्या काळापर्यंत तर खेळाडूंच्या खरेदीवरही त्याचाच शब्द चाले. मॅनेजर लिहा, फुटबॉलवेड्या कोल्हापूरच्या पेठांत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फक्त पद आधी पाहून घ्या. टेन हागनंतर आलेला रुबेन अमोरिम अधिकृतपणे मुख्य प्रशिक्षक होता, मॅनेजर नव्हे, आणि १९६९ मध्ये मॅकगिनेसलाही मॅनेजर हे पद सुरुवातीला दिलेच नव्हते.